बोटीवरची चिमणी

उस्ताद कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याच्यावर दोनदा टकटक करायचे. रेडिओ असो, पंप असो, नाहीतर कुणाच्या घरचा मिक्सर. चष्मा कपाळावर, पेचकस हातात, आणि बोटाच्या पेराने टक, टक. मग क्षणभर थांबायचे आणि त्यानंतरच झाकणाला हात लावायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत काही सैल झालंय का ते आवाजावरून ओळखत असतील. मी मोठ्या कौतुकाने विचारलं, "उस्ताद, यावरून तुम्हाला काय कळतं?"

"मला काय कळायलंय?" ते म्हणाले. "त्याला कळतंय ना, कुनीतरी आलंय म्हनून."

मी नुकतीच इंजिनिअर झालेली. तोंड उघडलं आणि मिटलं. उस्तादांच्या सहवासातले माझे पुढचे सगळे महिने साधारण याच अवस्थेत गेले.

हजेरीपटावर त्यांचं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण देगलूरपासून नांदेडपर्यंत कुणालाही विचारा, तो उस्तादच म्हणणार. तुमच्याही गावात असा एक असेलच. देगलूरला त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, उरूस, गणपती, निवडणूक, सगळीकडे यांचाच भोंगा. पुढे माणसाच्या उंचीच्या पेट्या घेऊन डीजेवाले आले आणि भोंगे माळ्यावर गेले. मग उस्ताद जळालेल्या मोटारींत नवी तार भरू लागले, पंप दुरुस्त करू लागले, आणि पंपांच्या मागे मागे फिरत विष्णुपुरीच्या धरणावर आले ते आमच्या बोटीवरच राहिले. बोट काठाला लावताना ते तिला तेलुगूत "आगू, आगू" म्हणजे थांब, थांब म्हणायचे. मी म्हटलं, मराठी कळत नाही का तिला? तर म्हणाले, "ज्यानं बांधली तो तिकडला होता. मायबोली हाय तिची."

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आमचं गाव औशाच्या पुढे. भूकंप झाला तेव्हा मी गणपतीसाठी मामाकडे शिरूर अनंतपाळला गेले होते, म्हणून वाचले. आई गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्ध्या दिवसाने मातीखालून निघाले. त्यानंतर पत्र्याचं शेड, शाळा, आणि मग लातूरचे क्लासेस. सगळा जिल्हाच तेव्हा क्लासला बसला होता म्हणा ना! भिंतीभिंतीवर टॉपरांचे फोटो, एका खोलीत सहा पोरी, आणि पहाटेपासून एकच काम, चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचं. मी त्यात पटाईत झाले. इतकी, की प्रत्येक प्रश्नाला चारच पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतोच, अशी माझी खात्री पटली. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकले आणि तिथेच धरणावर मला पहिली नोकरी लागली. कंपनी छोटी होती. दोन खोल्या, एक बोट, आणि पुण्याहून महिन्यातून एकदा येणारे मालक. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो.

काम होतं धरणातला गाळ मोजायचं. बोटीच्या बुडाला एक यंत्र, ते पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. हे सगळं टिपून घ्यायला बोटीवर पत्र्याच्या पेटीत एक कंप्युटर होता. बोट अगदी सरळ रेषेत जावी म्हणून मागची बॅटरीवरची मोटारसुद्धा त्या कंप्युटरलाच जोडलेली होती. झकास व्यवस्था. फक्त तो कंप्युटर दिवसातून तीनदा अडकायचा, आणि नेमका धरणाच्या मध्यभागी अडकायचा. मग मच्छीमाराच्या होडीत बसून मला तिकडे जावं लागायचं. मला पोहता येत नाही. पाण्याची मला भयंकर भीती वाटते, आजही वाटते. होडीच्या दोन्ही कडा धरून मी डोळे मिटून जायची आणि उस्ताद बोटीवरून ओरडायचे, "डोळे उघडा म्याडम, न्हाईतर कंप्युटर दिसंल कसा!"

शेवटी मीच साहेबांना सुचवलं, की काठावरच्या ऑफिसात बसून बोटीवरचा कंप्युटर चालवता येईल. तिथला पडदा इथे दिसेल, इथला माउस तिथे फिरेल. साहेब खूश झाले. "करून टाका," म्हणाले. करून टाका म्हणे! मी बोटीवर मोबाइलचं मोडेम बसवलं, दोन्हीकडे प्रोग्रॅम टाकला आणि काठावरून बोटीला हाक मारायला बसले. लागेना. बोटीचा इंटरनेटवरचा पत्ता दर वेळी बदलायचा, आणि जो दिसायचा त्यावर गेलं तर कुणी दार उघडायचं नाही. तीन आठवडे मी पुस्तकं चाळली, कॉलेजातल्या सरांना फोन केले, दोनदा रडले. बोटीवरून इंटरनेट धडधडीत चालू होतं, पण काठावरून बोटीत जाता येत नव्हतं. हे कसं काय असू शकतं, तेच मला उमजेना.

उस्ताद शेजारी बसून भाकरी खात होते. अंबाडीची भाजी पुढे सरकवत म्हणाले, "आमच्या देगलूरच्या लॉजवर असंच होतं. खोलीतल्या फोनवरून बाहेर फोन लागायचा. बाहेरून खोलीत लागायचा न्हाई. मंग बायकोला सांगून ठिवलं होतं, तू नक्को लावू, मीच लावतो."

मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. तेच होतं! मोबाइल कंपनी बोटीला आतल्या खोलीत बसवत होती. काठाने बोटीला हाक मारून काही उपयोग नव्हता, बोटीनेच आधी काठाला हाक मारायला हवी होती. तासाभरात मी सगळं उलटं फिरवलं आणि काठावरच्या पडद्यावर बोटीचा पडदा उमटला. मी नाचायचीच बाकी होते. उस्तादांना म्हटलं, "तुम्हाला हे कसं सुचलं हो?" तर म्हणाले, "मला काय सुचलं? मी तर लॉजची गोष्ट सांगून राहिलो होतो."

एखादी गोष्ट दुरुस्त झाली असं ते कधीच म्हणायचे नाहीत. "चालू हाय, आजच्यापुरती," एवढंच. मी याला निराशावाद म्हणायची. एकदा त्यांनी मोटारीच्या पेटीतल्या वायरींची यादी मला लिहून दिली, कुठली वायर कुठल्या नंबरला. मी अगदी क्लासमधल्या शिस्तीत एकेक जोडली आणि बटण दाबलं. फट्! सगळं बंद. मी यादी दहादा तपासली, तंतोतंत जुळत होती. उस्तादांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ते उर्दू शाळेत शिकलेले. यादीत रंगांची नावं माझ्यासाठी मराठीत लिहिली होती, पण ओळ त्यांच्या सवयीने उजवीकडून डावीकडे. मी सगळ्या वायरी उलट्या लावल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला काचेचा फ्यूज दाखवला, शेंगदाण्याएवढी नळी, आत केसासारखी तार. "तार दिसली तर जित्ता. काच काळी पडली तर गेला. ह्यो जळतो म्हनून मोटार वाचती." आणि एक नियम सांगितला. यंत्रात हात घालायचा असेल तर आधी फ्यूज काढायचा आणि दातात धरायचा. मी म्हटलं, दातात कशाला, खिशात ठेवा की. "दातात असला की हात मोकळे ऱ्हातेत, आन् तोंड बी बंद ऱ्हातं. खिशातला इसरतो मानूस."

पण खरं भांडण पुढे झालं. बोट पाण्यात असताना मी काठावरून पहिल्यांदा तिच्या कंप्युटरमध्ये शिरले तेव्हा उस्ताद मध्यभागी एकटे होते, आणि त्यांच्यासमोर पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. लगेच माझा मोबाइल वाजला. "म्याडम, आत कोन हाय?"

"मीच आहे उस्ताद! मी ऑफिसातून चालवतेय!"

"मंग सांगायचं न्हाई का?" आवाज चढलेला होता. उस्तादांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "असं कुनाच्या घरात घुसतेत का?"

मी चिडले. मी चिडकीच आहे, लपवत नाही. अहो, एवढ्या मेहनतीने जमवलं, कौतुक राहिलं बाजूला, वर हे! मी म्हटलं, ते घर नाही, कंप्युटर आहे. ते म्हणाले, "मी बसलोय ना त्याच्यात." बोट काठाला आल्यावरही दोघं फुगून बसलो. दुसऱ्या दिवशी ते एक जुनी घरातली बेल घेऊन आले. दाबली की चिमणी चिवचिवते, ती. पूर्वी घरोघरी असायची. ती त्यांनी कंप्युटरच्या पेटीला जोडली. प्रोग्रॅममध्ये सोय होतीच, बाहेरून कुणी आत येऊ पाहिलं की पडद्यावर चौकट उमटते, येऊ द्यायचं की नाही असं विचारणारी. चौकट उमटली की चिमणी बोलणार, अशी त्यांनी जोडणी केली. चौकट इंग्रजीत होती म्हणून मी माझ्या पाकिटातली एक हिरवी टिकली 'हो' वर आणि लाल 'नाही' वर चिकटवून दिली. अर्ध्या मिनिटात कुणी 'हो' दाबलं नाही तर आपोआप 'नाही' व्हायचं.

मग रोजचा कार्यक्रम सुरू झाला. मी काठावर बटण दाबायचं, भर धरणात चिमणी चिवचिवायची, उस्ताद हातातलं काम ठेवून मोठ्याने "या!" म्हणायचे आणि हिरव्या टिकलीवर बोट ठेवायचे. ते "या" मला ऐकू यायचं नाही. मच्छीमार सांगायचे. ते म्हणायचे, म्हातारा पाण्यात कुणाला बोलावतो कुणास ठाऊक.

मी एकदा वैतागून विचारलं, एवढं काय आहे या विचारण्यात? त्यांनी हातातली वायर सोलून संपवली. मग सांगितलं. भूकंप झाला तेव्हा देगलूरहून जीपमध्ये भोंगा आणि माईक टाकून ते तिकडे गेले होते. वाटलं होतं, गर्दीला सूचना द्यायला लागेल. तिथे गेल्यावर वेगळंच काम निघालं. लोक पहार घेऊन धावत होते, दिसेल तिथे घालत होते. "पहिल्याच ठिकानी एकानं घाईनं पहार घातली," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "मंग मी भोंगा लावला. म्हनलं, आधी आवाज द्या. आत कोन हाय, आवाज द्या. मंग समद्यांनी गप ऱ्हायचं. मंग माईक फटीत सोडायचा, ऐकायचं. आन् मंग हात लावायचा. चार दिस तेच केलं."

अण्णा नेहमी सांगायचे, की मातीखाली त्यांना वरून कुणाचा तरी मोठा आवाज ऐकू आला, आत कोण आहे, आवाज द्या, म्हणून ते ओरडले, म्हणून निघाले. मी उस्तादांना विचारलं, "कुठलं गाव होतं ते?"

"गावाची पाटी बी पडली होती, बेटा. कोनतं गाव म्हनून सांगू?"

त्या दिवसापासून ते मला म्याडमऐवजी बेटा म्हणू लागले. अण्णांना बाहेर काढणारा आवाज त्यांचाच होता का, मला माहीत नाही. भोंगे पुष्कळ होते, गावं पुष्कळ होती. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, आवाज होता एवढंच आठवतं. लातूरच्या क्लासमध्ये या प्रश्नाला एक बरोबर पर्याय असता. मी कितीदा तरी हा प्रश्न मनात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

आणि एवढं सगळं ऐकून, समजून, मी काय केलं ते आता सांगते.

मोठे साहेब आले. कुठले तरी मोठे अधिकारी आमची बोट बघायला येणार होते. काठावर बसून बोट चालते हे दाखवायचं, पसंत पडलं तर कंपनीला बाकीच्या धरणांचंही काम मिळणार आणि माझी नोकरी कायम होणार. आदल्या दिवशी तालीम झाली. मी बटण दाबलं. उस्ताद दोरी सोडवत होते, त्यांना हिरव्या टिकलीपर्यंत पोचायला वीस सेकंद लागले. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "आपल्याच बोटीत जायला आपल्याला परवानगी? पाहुणे हसतील. काढा ते."

मी काढलं. संध्याकाळी चिमणीने विचारून मला आत घेतलं, आणि आत जाऊन मी विचारण्याची खूण पुसून टाकली. आता बेल नाही, चौकट नाही, थेट आत. उस्तादांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते वाद घालणार, साहेब वैतागणार, मला मध्ये बोलावं लागणार. उद्या एकच दिवस तर आहे, मग परत लावू, असं म्हणून मी घरी गेले. खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी बोलायचा कंटाळा आला होता. इतकं साधं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. भिंतीवर बोटीचा पडदा दिसायला लागला तशा टाळ्या पडल्या. बोट लांब मध्यभागी एका ठिपक्याएवढी दिसत होती. साहेब म्हणाले, आता बोट चालवून दाखवा. मी मोटार सुरू केली. पडद्यावर 'चालू' असं आलं. ठिपका हलला नाही. परत दाबलं. 'चालू.' ठिपका तिथेच. तिसऱ्यांदा दाबलं. कुणीतरी खोकलं. साहेब हसत हसत माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे हसत नव्हते. मी उस्तादांना फोन लावला, ते उचलेनात. मला काही सुचेना. सगळं बरोबर होतं. काल चालत होतं. मनातल्या मनात मी उस्तादांवर जाम भडकले होते, नेमक्या आजच्या दिवशी हा माणूस काय करतोय?

मग ठिपका हलला, पण मोटारीवर नाही. उस्ताद वल्हं मारत येत होते. बरीच मिनिटं लागली त्यांना. बोट काठाला लागली, "आगू" म्हणाले नाहीत. उजवा हात खांद्यापर्यंत ओला, बाहीला जलपर्णीच्या मुळ्या चिकटलेल्या. आणि दातांत फ्यूज.

मला सगळं एकदम कळलं. जलपर्णी पंख्यात अडकली होती. त्यांनी नियमाप्रमाणे आधी फ्यूज काढला, आणि मग मोटारीच्या पंख्यात हात घातला. मी तीनदा बटण दाबलं तेव्हा त्यांचा हात त्या पात्यांमध्ये होता. चिमणी बोलली नाही. मोटारीच्या पेटीतला स्विच फक्त टक, टक, टक असा तीनदा वाजला असणार. आणि आत कोण शिरलंय ते ठाऊक नाही म्हणून त्यांनी फ्यूज परत बसवला नाही, वल्हं मारत आले.

साहेब पाहुण्यांसमोर गरजले, "काय झालं? का नाही चालली?"

उस्तादांनी फ्यूज दातांतून काढला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग मुठीत धरून म्हणाले, "फ्यूज उडाला साहेब. आधी बगायला पायजे होता. माजी चूक."

मी गप्प बसले. तोंड उघडलं आणि मिटलं, नेहमीसारखंच. पाहुण्यांना दुपारी दुसरा फ्यूज घालून दाखवलं, तेव्हा सगळं नीट चाललं, त्यांना आवडलंही. पण जाताना साहेब म्हणाले, म्हातारा झालाय तो, एक फ्यूज बघता येत नाही, परवा नवा माणूस येईल. मी मान हलवली. का हलवली? नोकरी पहिली होती, अण्णा अजून पत्र्याखाली होते, साहेबांचा आवाज मोठा होता. कारणं मी पुष्कळ गोळा केली आहेत. एकही पुरत नाही.

दोन दिवस उस्ताद रोजच्यासारखे आले. बोट धुतली, दोऱ्या गुंडाळल्या, भाकरी बोटीवरच बसून खाल्ली. मी ऑफिसात फायलींत डोकं घालून बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले, उघड्या दारावर दोनदा टकटक करून उभे राहिले. मी "या" म्हटलं. त्यांनी माझ्या टेबलावर तो फ्यूज ठेवला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ," म्हणाले आणि गेले. मी तो उजेडात धरून पाहिला. तार आत दिसत होती, अख्खी.

त्याच आठवड्यात मी चिमणी परत लावली. नवा माणूस अजून आला नव्हता, बोट काठाला बांधलेली होती. मी ऑफिसातून बटण दाबलं. खिडकीतून चिवचिव ऐकू आली. मी वाट बघत बसले. अर्धं मिनिट झालं आणि पडद्यावर आपोआप 'नाही' आलं. मला इतकं रडू आलं, की विचारू नका.

पुढे नोकरी कायम झाली, सुटली, दुसरी लागली. आता मी लातूरला बसून तालुक्या-तालुक्यांतल्या दवाखान्यांची यंत्रं दुरून दुरुस्त करते. परवानगी वगैरे कुणी विचारत नाही हल्ली, एक बटण आणि आत. मी मात्र आधी फोन करते. "सिस्टरताई, मशीनजवळ कुणी आहे का? आत येऊ का?" ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत मेली. फ्यूज माझ्या पर्समध्ये असतो, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी.

देगलूरला जायला मला नऊ वर्षं लागली. दुकान सापडायला पाच मिनिटं लागली, कारण उस्ताद कुठे हे सगळ्यांनाच माहीत होतं. माळ्यावरचे भोंगे खाली आले होते. कुठल्याशा मशिदीचा, कुठल्याशा शाळेचा, एकदोन अजून दुरुस्तीला यायचे म्हणे. उस्ताद अॅम्प्लिफायर उघडून बसले होते. मी दारावर टकटक केली. त्यांनी मान वर केली नाही. मी परत टकटक केली. मग लक्षात आलं, त्यांना ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर भोंग्याखाली काढलेलं, कान गेले होते. मी तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिले, दहा मिनिटं तरी. शेवटी त्यांना सावली जाणवली.

"कवाच्यान उभ्या हाव? आत यायचं ना!"

मी हातानेच खूण केली, विचारल्याशिवाय कशी येऊ? ते हसले. दात थोडेच राहिले होते. मी आत बसले, फ्यूज काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि जे नऊ वर्षं पाठ केलं होतं ते सगळं भडाभडा बोलले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती कळलं कुणास ठाऊक. मला वाटलं होतं, जाऊ द्या हो, असं म्हणतील. मोठी माणसं म्हणतात तसं.

"तवा बोलल्या न्हाईत तुमी," ते म्हणाले. "दोन दिस मी बोटीवर बसून राहिलो, बेटा. म्हनलं, साहेबाला न्हाई तर न्हाई, मला तरी येऊन सांगंल."

रागाने नाही म्हणाले ते. नुसतं सांगितलं.

मग त्यांनी फ्यूज खिडकीकडे धरून बघितला, समोरच्या अॅम्प्लिफायरवर दोनदा टकटक केली, क्षणभर थांबले, आणि तो आत बसवला. लाल दिवा लागला. त्यांनी माईक फुंकला आणि माझ्या हातात दिला.

"माजे कान गेलेत," ते म्हणाले. "ह्याच्यात बोला. आवाज द्या."

मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "उस्ताद, फ्यूज उडाला नव्हता. चूक माझी होती."

भोंगा दुकानावर लावलेला होता, रस्त्याकडे तोंड करून, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा आवाज अख्ख्या बाजारात घुमला. समोरचा फळवाला तागडी हातात धरून थांबला. दोन बायका वळून बघायला लागल्या. एका सायकलवाल्याने पाय टेकला. माझे कान लाल झाले, पण मी माईक सोडला नाही. परत एकदा म्हटलं, आणखी मोठ्याने.

उस्तादांनी कानामागे धरलेला हात खाली घेतला.

"हाव," ते म्हणाले. "आता आलं ऐकू. बसा, चहा सांगतो."